बीमला मी नावं ठेवायचो

मोटारींवर गप्पा मारणाऱ्यांत एक जातिभेद असतो. मागचं सस्पेन्शन ‘इंडिपेंडंट’, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वरखाली होणारं असेल तर गाडी खानदानी. दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा टॉर्शन बीम असेल तर कंपनीने पैसे वाचवले. मीही हेच मानायचो आणि गाडी घ्यायला निघालेल्यांच्या गळी उतरवायचो. प्रीमियर पद्मिनीच्या मागच्या सीटवर वाढलेल्यांचं असं होणं साहजिक होतं. तिथे पाट्यांवर बसवलेला अखंड एक्सल, त्याच्या मधोमध जडशीळ डिफरन्शियल. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही कलायचं. पुढे फ्रंट व्हील ड्राइव्हच्या छोट्या गाड्या आल्या, तरी मागे आडवा बीम दिसला की मला तो जुना एक्सलच वाटे.

मत बदललं ते लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली उभं राहून तो बीम नीट पाहिल्यावर. तो बंद नळीसारखा नव्हता. एका बाजूने उघडा, इंग्रजी ‘यू’सारखा होता. बुटांचं रिकामं खोकं झाकण काढून दोन्ही टोकांनी पिळून पाहा, सहज पिळतं. झाकण चिकटवलं की अडून बसतं. बीम मुद्दाम उघडा ठेवतात, कारण त्याने वाकू नये, पण पिळावं. दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर चढली तर तो पुढच्या रबरी बुशांवर नुसता वरखाली होतो. एकच चाक उचललं गेलं तर पिळतो. वळणावर गाडी कलू लागली की तोच पीळ तिला सावरतो, म्हणजे अँटी-रोल बारचं बरंचसं काम फुकटात. शिवाय स्टेपनीला आणि डिकीला जागा उरते. बॉडीला जोडणारे मोठे बुश दोनच. मल्टिलिंक या इंडिपेंडंट प्रकारात प्रत्येक चाकाला चार-पाच दांडे, आणि दर दांड्याच्या दोन्ही टोकांना झिजणारं काहीतरी. आपल्या रस्त्यांवर हा हिशेब छोटा नाही.

गोल्फ या मोटारीची गोष्ट तर गमतीची आहे. 1974च्या पहिल्या गोल्फला बीमच होता. फोर्डने 1998मध्ये फोकसला मल्टिलिंक दिलं. 2003मध्ये गोल्फनेही घेतलं. 2012च्या सातव्या पिढीत कमी ताकदीच्या गोल्फना पुन्हा बीम आला. 2019मध्ये माझदा 3सुद्धा मल्टिलिंक सोडून बीमवर आली. यात काटकसर होतीच, ते मी नाकारत नाही. पण चाकणला बनलेल्या पोलोच्या मागेही बीमच होता, आणि ती हायवेवर किती स्थिर चालते हे मीच सगळ्यांना सांगत फिरायचो!

एक तक्रार मात्र कायम आहे. घाटात, वळणाच्या ऐन मध्यावर एकाच मागच्या चाकाला खड्डा लागला की धक्का दुसऱ्या चाकापर्यंत पोचतो आणि मागची बाजू किंचित सरकते. बुश मऊ ठेवावेत तर वळणावर मागची चाकं दिशा सोडू पाहतात. कडक ठेवावेत तर प्रत्येक खड्डा पाठीला कळतो. मल्टिलिंकमध्ये धक्का झेलणं आणि चाकाची दिशा राखणं ही दोन कामं वेगवेगळ्या दांड्यांना वाटून देता येतात. त्यासाठी कुणी जादा पैसे मोजत असेल तर मी अडवणार नाही, पण पूर्वीसारखा आग्रहही धरणार नाही.