झग्यात लपवलेला मासा

मासळीबाजारात एक बाई मासा उचलते आणि झग्याच्या गळ्यातून सरळ आत सोडते. चोरीची खोडच तिला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं, पोलंडमधलं ऑपाटुफ हे गाव. तिथले ज्यू लोक त्याला यिडिशमध्ये आप्ट म्हणत. अशा बाईचं चित्र काढावं असं कुणा नामवंत चित्रकाराच्या मनात आलं असतं की नाही, कोण जाणे. ते काढलं मायर किर्शेनब्लाट यांनी. त्यांनी कुंचला हातात धरला तो १९९० मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी.

मायर १९१६ साली या गावात जन्मले आणि १९३४ मध्ये कुटुंबासह कॅनडाला गेले. पुढे टोरांटोत त्यांचं रंगाचं आणि वॉलपेपरचं दुकान होतं. उभा जन्म लोकांच्या भिंतींसाठी रंग विकण्यात गेला. स्वतःसाठी डबा उघडला तो म्हातारपणी, तोही घरच्यांनी लकडा लावला म्हणून. मुलगी बार्बरा लोकसंस्कृतीची अभ्यासक. ती १९६७ पासून बापाला गावाबद्दल विचारत आली होती. सांगणं झालं, टेपवर उतरलं, पण तिला दिसायलाही हवं होतं. पहिलं चित्र निघालं स्वयंपाकघराचं. दुसरं कशाचं निघणार? माणसाला गाव आठवतं ते आधी चुलीपासूनच.

चित्रकलेच्या परीक्षेत त्यांना फारसे गुण मिळाले नसते. चेहरे एकमेकांसारखे, पाय कधी लांब तर कधी आखूड, रंग दुकानाच्या पाटीसारखे सपाट आणि ठणठणीत. घराच्या आतलं दाखवायचं तर भिंत आड येऊ द्यायची नाही. पण एखादी वस्तू कुठे होती आणि तिचं काम कसं चालायचं, यात हा माणूस तडजोड करत नाही. लहानपणी हे पोर शाळेपेक्षा कारागिरांच्या दारात जास्त रमायचं. जोडा कसा शिवतात, शिट्टी कशी करतात, हे म्हातारपणी ते असं सांगतात की ऐकणाऱ्याने लगेच करायला बसावं. चित्रकार शागालच्या वितेब्स्कमधले प्रेमिक आकाशात उडतात. मायर यांच्या गावात कोणी उडत नाही. सगळे आपले चिखलात पाय रोवून उभे.

गावात त्यांना 'मायर तामुझ' म्हणत, म्हणजे मायर जुलै. ऐन उन्हाळ्यात डोकं तापतं, तसं या पोराचं बाराही महिने तापलेलं. टोपणनावाशिवाय तिथे कोणी सुटत नसे. आपल्याकडेही पाळण्यातलं नाव पोस्टमनपुरतंच असायचं.

आणि गोष्टी तरी कसल्या! दिवस भरलेली कुबडी नवरी मांडवात उभी राहते आणि काही तासांत बाळंत होते. ज्यू पोरांना धर्म शिकवणारा मास्तर ढोलवाल्याच्या बायकोबरोबर नको तिथे सापडतो. मायर यांच्या जन्माआधी कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा ती हटावी म्हणून गावाने दफनभूमीत एक लग्न लावलं होतं. ते त्यांनी बघितलेलं नाही, नुसतं ऐकलेलं. पण चित्रात ऐकलेलं आणि बघितलेलं शेजारी शेजारी बसतं, कुणी कुणाला उठवत नाही.

मी पुन्हा पुन्हा थांबतो तो चांभाराच्या पोरापाशी. त्याला आईबापांनी कायम पांढरे कपडे घातले. पांढरं म्हणजे कफनाचा रंग. मृत्यूचा दूत आलाच, तर हा आधीच मेलाय असं समजून परत जावा. पोरं जगत नसली की आपल्याकडे पुढच्याचं नाव धोंडू ठेवायचे, नाहीतर भिकू. मुलाचं नाक टोचून त्याला नथ्या म्हणायचे. मृत्यू फसतो, त्याला रंगावरून किंवा नावावरून चकवता येतं, हा भाबडा हिशेब दोन्हीकडे एकच.

ऑक्टोबर १९४२ मध्ये आप्टच्या हजारो ज्यूंना गाड्यांत कोंबून त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं गेलं. मायर तेव्हा आठ वर्षं कॅनडात होते. हे माहीत झालं की प्रत्येक चित्रावर काळी सावली पडू लागते आणि नेमकी तीच त्यांना नको होती. ही माणसं मेली कशी, हे जगाला पाठ आहे. जगत कशी होती, हे कोण सांगणार, ही त्यांची काळजी. संहाराची चित्रं त्यांनी काढलीच नाहीत असं नाही, पण अगदी थोडी. बाकी सगळीकडे पाणी भरणं, धुणं धुणं, लग्नं, भांडणं. हे मला फार धीराचं वाटतं. गेलेल्यांवर लिहिताना आपण त्यांना लगेच सोवळं नेसवतो. मायर यांनी मासे चोरणारीला मासे चोरू दिले.

२००७ मध्ये बापलेकीचं पुस्तक आलं. गावाची गोष्ट मायर यांच्याच तोंडून आहे; लेकीचे प्रश्न छापलेले नाहीत, पण उत्तरांच्या आकारावरून ते ओळखू येतात. कढई कशाची होती? टेबलाशी कोण कुठे बसायचं? मग काय झालं? मायर २००९ मध्ये गेले. लेक वॉर्सातल्या पोलिश ज्यूंच्या इतिहासाच्या 'पोलिन' संग्रहालयात कायमस्वरूपी प्रदर्शनाची मुख्य रचनाकार होती. ते प्रदर्शन २०१४ मध्ये खुलं झालं. दहा वर्षांनी त्याच संग्रहालयाने मायर यांच्या नजरेतून दिसणारं ऑपाटुफ मांडलं. म्हणजे एका राष्ट्राच्या राजधानीत, इतिहासाच्या दालनांशेजारी, जुलै महिन्यासारखं डोकं तापलेल्या एका पोराच्या गल्लीतल्या भानगडी लोक तिकीट काढून बघत होते.