पाऱ्याचं गाव

तर झालं असं, की स्लोव्हेनियात येऊन तीन आठवडे झाले तरी मी ब्लेडचा तलाव पाहिला नव्हता. (इथे येणारा प्रत्येक देसी माणूस पहिल्याच वीकएंडला तिथे जाऊन फोटो टाकतो.) शुक्रवारी ल्युब्लियानातल्या क्लायंटच्या ऑफिसात कॉफी पिताना मी म्हटलं, उद्या ब्लेड. समोरच्या बाई म्हणाल्या, "तिथे सगळेच जातात. तू इद्रियाला जा. माझं गाव आहे."

या बाईंबद्दल सांगायला हवं. वय साधारण अठ्ठावन्न. गेली बावीस वर्षं त्या एक जुनी बिलिंग सिस्टिम सांभाळतायत. आणि ती बंद करायला मला इथे पाठवलंय. सिस्टिम बंद झाली की बाईंचं कामही संपणार. हे त्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे, आणि आम्ही दोघं रोज हवामानावर बोलतो.

असो. शनिवारी इद्रियाची बस पकडली.

साठेक किलोमीटरचा रस्ता, शेवटी शेवटी नुसती वळणं. खाली दरीत लाल छपरांचं गाव, वस्ती जेमतेम सहा हजार. इतकं शांत, की दुपारी दोन वाजता आपल्याच बुटांचा आवाज ऐकू येतो. आणि या गावाच्या खाली सातशे किलोमीटरहून जास्त लांबीचे बोगदे खोदलेले आहेत! म्हणजे पुण्याहून मुंबईला दोनदा जाऊन या, वर आणखी शंभरेक किलोमीटर उरतील.

हे सगळं पाऱ्यासाठी. १४९० ची गोष्ट सांगतात. लाकडी भांडी बनवणाऱ्या एका माणसाने नवं भांडं फुगायला म्हणून ओढ्यात ठेवलं. सकाळी उचलायला गेला तर उचलेना. तळाशी काहीतरी चकाकत होतं. (एक लिटर पारा १३.६ किलो भरतो. उचलेल कसं?) आता त्या जागी एक छोटं चर्च आहे. मग २२ जून १५०८ ला हिंगुळाचा मोठा साठा लागला. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं लाल खनिज. ते भट्टीत तापवायचं, निघालेली वाफ थंड करायची, की झाला पारा. सोनं-चांदी वेगळी काढायला तो लागायचा, त्यामुळे या आडगावचा माल पार अमेरिका खंडापर्यंत गेला. पाचशे वर्षांत एक लाख टनांहून अधिक. जगात याहून मोठी पाऱ्याची खाण एकच, स्पेनमधल्या अल्मादेनची. २०१२ मध्ये युनेस्कोने दोन्ही गावांना जोडीने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

गावातला किल्लाही वेगळाच. गेवेर्केनेग त्याचं नाव, बांधकाम १५२२ ते १५३३. तिथे ना राजा ना राणी, खाणीची कचेरी आणि पाऱ्याचं कोठार. थोडक्यात, किल्ल्याच्या वेषातलं कॉर्पोरेट ऑफिस! आता तिथे म्युझियम आहे. पण मला सगळ्यात आवडलं ते 'काम्श्त'. खाणीतलं पाणी उपसण्यासाठी १७९० मध्ये बसवलेलं प्रचंड लाकडी चाक, व्यास १३.६ मीटर. (पुन्हा १३.६! योगायोगच, पण इंजिनिअरला असल्या गोष्टींचा उगाच आनंद होतो.) नदीच्या पाण्यावर हे चाक १९४८ पर्यंत फिरलं. दीडशे वर्षांचा अपटाइम. आमचा सर्व्हर महिन्यातून दोनदा झोपतो.

जेवायला 'झ्लिक्रोफी' मागवले. बटाटा-कांद्याचं सारण भरलेल्या टोपीच्या आकाराच्या उकडलेल्या पुरचुंड्या. शेजारच्या दुकानात लेस विकायला होती. लाकडी बॉबिनवर दोरे विणून करतात ती. खाणकामगारांच्या पगारात भागत नसे, म्हणून घरच्या बायका ती विणायच्या. १८७६ मध्ये सुरू झालेली लेसची शाळा अजून चालू आहे.

मग अँथनीच्या बोगद्यात शिरलो. १५०० साली खोदायला घेतलेला. अंगात कोट, डोक्यावर हेल्मेट. काही मिनिटांतच मोबाइलची रेंज गेली आणि गार, ओली हवा अंगावर आली. कामगारांचे हात थरथरायचे, हिरड्या सुजायच्या, दात पडायचे, हे तिथे कळलं. स्कोपोली नावाचा डॉक्टर १७५४ पासून पंधरा वर्षं इथे होता. त्याने पाऱ्याच्या या विषबाधेबद्दल लिहून ठेवलं. बस लागू नये म्हणून देतात त्या स्कोपोलामिनच्या नावात तोच आहे. बाईंचे वडील याच खाणीत होते. कपबशी घेतली की किणकिणायची, म्हणून ते पेल्यातून कॉफी प्यायचे, असं बाई एकदा सहज बोलल्या होत्या. तेव्हा मला अर्थच लागला नव्हता.

पण खरा धडा पुढेच होता. सत्तरच्या दशकात पाऱ्याचे भाव कोसळले, १९७७ मध्ये काम थांबलं, मग थोडंफार चाललं आणि १९९५ मध्ये उत्पादन कायमचं संपलं. मला वाटलं, लावलं असेल कुलूप. छे! वर अख्खं गाव वसलेलं. बोगदे तसेच सोडले तर गाव खचेल. म्हणून खालचे मजले हळूहळू पाण्याने भरू दिले, वरचे काँक्रीट घालून पक्के केले, आणि जमीन किती हलते ते मोजत राहिले. खाण बंद करायला वर्षानुवर्षं लागली. बंद करणं हेसुद्धा इंजिनिअरिंग असतं, हे चार वर्षांच्या डिग्रीत कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मी? माझ्या प्लॅनमध्ये बाईंकडून सगळं समजून घेण्यासाठी दोन दिवस होते. बावीस वर्षांसाठी दोन दिवस. वर एक तासाची मीटिंग.

परतीच्या बसमध्ये लॅपटॉप उघडला आणि मॅनेजरला मेल टाकली, तीन आठवडे वाढवून हवेत. कारण लिहिताना खाणीचं काही लिहिलं नाही. 'रिस्क' एवढंच लिहिलं. मॅनेजर लोकांना तेच कळतं. दोन आठवडे मिळाले.

सोमवारी बाईंनी विचारलं, "झ्लिक्रोफी खाल्लेस का?" मी म्हटलं, दोन प्लेट. मग खुर्ची त्यांच्या टेबलाशी ओढली आणि म्हटलं, अगदी पहिल्यापासून सांगा. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि ड्रॉवरमधून एक जाडजूड वही काढली. हाताने लिहिलेली.

पहिल्याच तासात कळलं, की दरवर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री ती सिस्टिम एक फाइल तयार करते, आणि बाई घरून लॉगिन करून ती तपासतात. बावीस वर्षं. एकाही डॉक्युमेंटमध्ये त्याचा उल्लेख नव्हता.