उतारावरील परीक्षा

वाशीमच्या मनुष्याने बर्फाविषयी लिहावे, हे विहिरीतल्या बेडकाने समुद्राचे वर्णन करण्यासारखे आहे. आमच्या गावी बर्फ पाहावयास मिळतो तो रसवंतीच्या पेटीत, आणि तोही मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला म्हणजे! असे असता गेली तीन वर्षे फेब्रुवारीत आम्ही आठ दिवसांची रजा काढून काश्मिरात गुलमर्ग येथे जातो आणि पायांस दोन लांब फळ्या जखडून डोंगरावरून खाली घसरतो, ही वार्ता शिक्षकांच्या खोलीतून कशी कोण जाणे वर्गात पोहोचली. तेव्हापासून मुलींचा एकच प्रश्न असतो : "बाई, तुम्ही पडत नाही का?" मुलींनो, आम्ही पडतो, पुष्कळ पडतो. परंतु का पडतो, याचा उलगडा आम्हांस यंदा झाला. तोच आज येथे सांगावयाचा आहे.

ज्यांस इंग्रजीत स्की म्हणतात त्या या फळ्या. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे. तेथे १९२७ साली इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी स्की क्लब स्थापिला, तेव्हापासून हा खेळ त्या पठारावर नांदत आहे. आज तेथे लोहरज्जूवर चालणारे पाळणे आहेत. पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला व तो कोंगदूरपर्यंत नेतो. २००५ साली सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवतच्या खांद्यावर, म्हणजे जवळजवळ ३९५० मीटरपर्यंत पोहोचवितो. आमची मजल पहिल्या टप्प्यापुरतीच. पुण्यास नोकरी करणारी आमची भाची मात्र या खेळात चांगली तयार झाली आहे, आणि तिच्या आग्रहावाचून आम्ही या फंदात पडलोच नसतो.

पहिल्या वर्षी आम्ही एका दुकानातून स्की भाड्याने घेतल्या. दुकानदाराने आमच्याकडे न पाहताच भिंतीशी उभी असलेली एक जोडी पुढे केली. ती १७० सेंटीमीटर लांब होती. आमची उंची १५३ सेंटीमीटर! "हीच उत्तम," असे त्याने सांगितले, व आम्हीही मुकाट्याने घेतली. दिलेली वस्तू निमूटपणे घ्यावी व ती नीट चालली नाही तर दोष आपला मानावा, ही आमच्या पिढीतील स्त्रियांची जुनी खोड आहे. तिसऱ्या दिवशी आम्ही पडलो. बूट स्कीवर ज्या चापाने घट्ट बसतो त्यास बाइंडिंग म्हणतात. पडणाऱ्याचा पाय पिळला जाऊ लागला की त्या चापाने आपोआप सुटावे, अशी त्यात योजना असते. सुटण्यासाठी किती जोर लागावा याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी व खेळणाऱ्याचे कौशल्य पाहून ठरवावयाचा असतो. आमच्यापूर्वी कोणा धिप्पाड गृहस्थासाठी लावलेला आकडा तसाच राहिला होता. चाप सुटला नाही आणि गुडघा मुरगळला. वाशीमला परतल्यावर तीन आठवडे आम्ही खुर्चीवर बसून शिकविले. दुसऱ्या वर्षी आकडा नीट लावून घेतला, पण स्की तशाच लांब व ताठ मिळाल्या. पडणे चालूच राहिले. चाळिशी उलटली, आता हे आपले काम नव्हे, असे आम्ही मनाशी ठरवून टाकले.

यंदा भाची म्हणाली, "मावशी, दोष तुझा की स्कीचा, हे एकदा परीक्षा घेऊनच ठरवू. तू एवढ्या मुलांच्या परीक्षा घेतेस, मग फळ्यांची घ्यायला काय हरकत आहे?" शिक्षकाच्या वर्मी लागावे असेच हे बोलणे होते. आम्ही रुकार दिला.

परीक्षेपूर्वी थोडा अभ्यास करावा लागला. स्की म्हणजे साधी सरळ फळी नव्हे. तिचे टोक व शेपटी रुंद असून मध्ये कंबर असते. त्यामुळे ती कडेवर कलली व भाराने वाकली म्हणजे बर्फात कमान कोरीत जाते, आणि वळण आपोआप साधते. १९९० च्या दशकात ही कंबर पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक कोरली जाऊ लागली व शिकणाऱ्यांचे काम सोपे झाले. बहुतेक स्की मध्यभागी किंचित उचललेल्या असतात. आपल्या भाराने तो उंचवटा दबला की कडा बर्फात घट्ट रुततात. पुढचे टोक लवकर वर वळविलेले असले तर मऊ बर्फात ते बुडत नाही. पोटात लाकडाचा गाभा असतो. त्यावर धातूचा पत्रा घातला तर स्की ताठ व शांत होते, पण जड होते व वाकण्यास अधिक भार मागते. घट्ट बर्फ, ताजा भुसभुशीत बर्फ व तुडविलेला ओबडधोबड बर्फ या सर्वांवर चालावी अशी जी सर्वगामी स्की करतात, तिची कंबर साधारण ८० ते १०० मिलिमीटर असते. अशांपैकी स्त्रियांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्की खरोखर स्त्रियांच्या असतात काय, हा आमचा प्रश्न होता.

चार जोड्या जमविल्या. दोन भाड्याच्या, एक भाचीची व एक तिच्या मैत्रिणीची. भाचीने प्रत्येक जोडीवरील नाव व चित्र कागदी पट्ट्या चिकटवून झाकले आणि क्रमांक घातले. उतार एकच, बूट तेच आणि चापाचा आकडाही ज्याचा त्याचा. सकाळी बर्फ रात्रीच्या थंडीने घट्ट असताना तीन फेऱ्या व दुपारी तो तुडवून ढिगाढिगांचा झाल्यावर तीन फेऱ्या. खाली पोहोचताच कोणी कोणाशी न बोलता आपापल्या वहीत शेरा लिहावयाचा, असा नियम केला. लांबी तेवढी झाकता येण्यासारखी नव्हती. तीन दिवस ही परीक्षा चालली.

पहिला क्रमांक म्हणजे आमची जुनी ओळखीची, १७० सेंटीमीटरची. सरळ जाताना ती एखाद्या पोक्त माणसासारखी स्थिर होती; परंतु वळवू गेलो तर भरली बैलगाडी एकट्याने फिरविण्याचा प्रकार! आमचे वजन ५२ किलो. तेवढ्या भाराने ती वाकेच ना, आणि न वाकणारी स्की वळत नाही. वहीत लिहिले : "उद्धट आहे." उंच व सशक्त भाचीने मात्र तिला सकाळच्या बर्फावर पहिले स्थान दिले.

दुसरी १४४ सेंटीमीटरची, अरुंद व मऊ. मनात आणावे आणि ती वळावी! पहिल्या फेरीनंतर आम्ही तिला पैकीच्या पैकी गुण देऊन बसलो. पण वेग थोडा वाढताच तिचे टोक थरथरू लागले. आणि दुपारी मऊ ढिगात ते टोक शिरले व आम्ही डोक्यावरून पलीकडे गेलो. सोप्या प्रश्नांची उत्तरे घडाघडा देऊन अवघड प्रश्नापाशी गप्प होणारा विद्यार्थी आम्हांस आठवला.

तिसरी १५१ सेंटीमीटर लांब, कंबर ८८ मिलिमीटर. सकाळी तिच्या कडा धरून राहिल्या, दुपारी टोक तरंगत राहिले. आम्ही चुकलो तर तिने समज दिली, शिक्षा केली नाही. तिच्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही वरपासून खालपर्यंत एकदाही न पडता उतरलो. खाली आल्यावर काही क्षण आम्हांस बोलवेना. दोन वर्षे जो उतार आपणास वैरी वाटला, तो इतका प्रेमळ होता!

चौथी १५६ सेंटीमीटर, कंबर ९८. रात्री पडलेल्या ताज्या बर्फात ती नावेसारखी चालली. परंतु घट्ट बर्फावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर येण्यास तिला वेळ लागे व गुडघे दुखून येत. भाचीने दुपारच्या बर्फासाठी हिलाच पसंती दिली.

तिसऱ्या सायंकाळी कागद सोडविले. पहिली जोडी पुरुषांची, हे अपेक्षितच होते. चौथीचा साचा स्त्रीपुरुषांस एकच, रंग तेवढे वेगळे. दुसरी व तिसरी या दोन्ही स्त्रियांच्या म्हणून विकलेल्या होत्या! एकीवर गुलाबी फुले होती. दुसरीवर साध्या निळ्या रेघा. म्हणजे 'स्त्रियांची' हा शिक्का आमच्या सर्वांत आवडत्या जोडीवरही होता आणि जी दुपारी आम्हांस घेऊन उलथली तिच्यावरही होता. आणि एकाच घरच्या दोघी स्त्रियांच्या पसंतीत मेळ नव्हता. भाचीला मानवली ती पुरुषांची, कारण तिचे वजन, उंची व कौशल्य तिला पुरून उरणारे होते.

मग स्त्रियांकरिता निराळी स्की करणे व्यर्थ आहे काय? तसे म्हणता येत नाही. सरासरीने स्त्रीचे वजन कमी व शरीराचा गुरुत्वमध्य खाली असतो; पोटरीचा स्नायूही खालपर्यंत येतो, म्हणून बुटाची मान आखूड लागते. गुडघ्याच्या आतील बंधाची इजाही या खेळात पुरुषांपेक्षा स्त्रियांस अधिक होते. अमेरिकेतील जेनी थोरेन या बाईंनी गेल्या शतकात आग्रहाने मांडले की, स्त्रियांसाठी चाप किंचित पुढे बसवावा. आम्ही तेही करून पाहिले. भाचीने आम्हांस न सांगता तिसऱ्या जोडीचा चाप कधी एक सेंटीमीटर पुढे, कधी मूळ जागी ठेवला. तीनपैकी दोनदा आम्ही ओळखले; वळणाची सुरुवात अधिक सहज होत होती. तीन प्रयत्नांवरून सिद्धान्त होत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु एवढे खरे की, विचार करून केलेली स्त्रियांची वस्तू निराळी, आणि पुरुषांचीच वस्तू आखूड करून तीवर फुले काढणे निराळे.

या खेळात आपल्या देशाच्या मुलीही पुढे गेल्या आहेत. १९८८ साली कॅल्गरी येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये शैलजा कुमार उतरल्या. त्या सामन्यांत भाग घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. २०१८ साली मनालीच्या आंचल ठाकूर हिने तुर्कस्तानात कांस्यपदक मिळविले. त्यांच्यापुढे आमचे उतरणे म्हणजे पोरखेळ. तथापि ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला ती गुलमर्गला घडली नाही. ती येथे वाशीमला घडली.

आमच्या वर्गात चार-पाच किलोमीटरवरील खेड्यातून सायकलने येणारी एक मुलगी आहे. वाटेत चढ आहे. ती रोज उशिरा येई. आम्ही तिला दाराबाहेर उभे केले, आणि एकदा तर प्रगतिपुस्तकात 'आळशी' असा शेरा लिहिला. गुलमर्गहून परतल्यावर एका सकाळी ती घामाघूम होऊन फाटकात शिरताना दिसली. प्रथमच आम्ही तिच्याकडे न पाहता तिच्या सायकलकडे पाहिले. ती तिच्या थोरल्या भावाची होती. मध्ये आडवा दांडा, बैठक उंच. पायडल खाली गेले की मुलीचा पाय चवड्यावरच टेके. चढावर तिला उतरून ती जड सायकल ढकलीत आणावी लागे.

आम्ही सायकलवाल्याकडून बैठक खाली करविली; ती तळाशी गेली तरी पुरेना. मग आमच्या एका सहकारी बाईंची आडव्या दांड्याची नसलेली लहान सायकल आठवडाभर मागून घेतली. दुसऱ्या दिवशी ती मुलगी घंटेपूर्वी पाच मिनिटे हजर! आठवडाभर एकदाही उशीर झाला नाही. तिच्या वडिलांनी पुढे जुनी सायकल बदलून मुलीजोगी घेतली. पाठ तिचे पूर्वीही येत होते, पण दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलीस ते म्हणून दाखविण्याची संधी कोण देणार? आम्ही तिला बोलावून, शेरा चुकीचा होता, असे सांगितले व प्रगतिपुस्तकातील तो शब्द तिच्यासमोर खोडला. ती लाजून म्हणाली, "बाई, मला वाटायचं मलाच चढत नाही."

हे वाक्य आम्ही ओळखले. दोन हिवाळे आम्ही तेच म्हणत होतो.

मुलींनो, प्रत्येक अपयशाचा दोष साधनावर ढकलावा, असा या लेखाचा अर्थ काढू नका. साधन उत्तम असून आळस करणारेही असतात, व त्यांची नावे आमच्या वहीत आहेत! परंतु 'मला येत नाही' असे म्हणण्यापूर्वी हातातील वस्तू आपल्या मापाची आहे काय, हे एकदा तपासा. तीवरील शिक्का वाचू नका, फुले पाहू नका. ती उतारावर व चढावर लावून पाहा. हाच नियम आम्हां शिक्षकांसही लागू आहे, आणि तो शिकण्यास आम्हांस हिमालयापर्यंत जावे लागले, हे सांगावयास संकोच वाटतो.

असो. "बाई, पडत नाही का?" या प्रश्नाचे उत्तर राहिलेच. आजही पडतो. पण आता उठल्यावर कपाळाला हात लावीत नाही. आधी चापाचा आकडा पाहतो.