उशाकडची फळी

आमच्या रिसोडात बांबू म्हटला की बुरडाचं सूप, टोपली, मांडवाचे वासे आणि शेवटी ताटी. बांबूचा पलंगही करतात हे ऐकून मावशीने कपाळाला हात लावला. “बाप्पा! ताटीच्या बांबूवर जित्या मानसानं निजाव का?”

मी मेळघाटातल्या एका इको-लॉजसाठी असेच पलंग आणि बैठका आखत होतो. मालकाची अट एकच: खोलीत पाऊल टाकताच कोरकू संस्कृती दिसली पाहिजे. आता कोरकू घरात फर्निचर असतं कितीसं? समोरासमोर दोन ओळींत घरं, मधे रुंद गल्ली, कुडाच्या भिंती, एखादी खाट. बाकी बसणंउठणं भुईवर. संस्कृती शोधायला निघालेला माणूस अशा घरात शिरतो आणि नक्षी नाही म्हणून हिरमुसून बाहेर येतो.

कारागीर लवाद्याला शिकलेले होते. धारणी तालुक्यातल्या या गावात सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी १९९०च्या दशकात संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. बांबूकामात मुरलेले कितीतरी कोरकू हात तिथे तयार झाले. त्यांच्यातला एक म्हातारा मानवेल बांबू निवडताना मी बघत बसायचो. कोवळा बांबू तो हातात धरून लगेच बाजूला टाकी. तो वाळून आक्रसतो आणि भुंगाही त्यालाच आधी धरतो. पिकल्या बांबूच्या तोंडावर कोयता ठेवून एक ठोका. पातं सरसर उतरायचं ते पेरापाशी अडायचं. तिथे तो जोर करत नसे, मनगट जरासं फिरवी. कट्‌कन आवाज होऊन पेर सुटे. मग कामटीच्या दोन्ही कडांवरून अंगठा. बांबूची कड कातडं कापते, म्हणून ती तासून मारायची. खिळा कुठेच नाही, खिळ्याने बांबू उभा फाटतो. भोक पाडून बांबूचीच खुंटी ठोकायची.

हा माणूस जंगलात जन्मला, पण त्याच्या आयुष्याचा बराच काळ तिथला बांबू तोडणं गुन्हा होता. १९२७च्या वन कायद्याने या गवताला झाडात बसवलं होतं. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला. जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून निघायला २०१७ उजाडलं. नव्वद वर्षं गवताला झाड म्हणायचं आणि वर आदिवासींना कायदा समजत नाही म्हणायचं!

भांडण झालं ते उशाकडच्या फळीवरून. मालकाने कुठूनसा एक फोटो आणला होता: सागवानी खांब, त्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार. दिसायला देखणा. हेच फळीवर कोरा, म्हणाला. म्हाताऱ्याने फोटो पाहिला आणि उलटा करून ठेवला.

“हा मुंडा हाय, भाऊ. मेलेल्याचा. याच्याखाली झोपन कोन?”

कोरकू माणूस गेला की सवडीने, कधी वर्षांनीही, सिडोलीचा विधी होतो. त्यात मृताच्या नावाने मुंडा रोवतात. तेव्हा कुठे तो पितरांत जातो. मावशीच्या ताटीच्या आक्षेपावर मी युक्तिवाद केला होता. इथे केला नाही. बांबू ताटीलाही लागतो आणि पाळण्यालाही, त्यामुळे मावशीची समजूत काढता येते. मुंडा मात्र दुसऱ्या कशालाच लागत नाही. पाहुण्याला कळणार नाही, हे मालकाचं म्हणणं खरं होतं. पण चादर बदलायला येणारी बाई कोरकूच असणार होती.

“मग संस्कृती कुठंय?” मालक विचारत राहिला. मी बैठकीची उंची दाखवली. म्हाताऱ्याने वितीने मोजून शहरी खुर्चीपेक्षा ती बरीच खाली ठेवली होती, बसलं की पाय आपोआप पसरत. भिंतीच्या कुडाचीच वीण घेतलेली पाठ दाखवली. मालकाला ते पुरेसं वाटलं नाही, आणि त्याच्या जाहिरातीला ते पुरणारही नव्हतं.

फळी कोरीच राहिली. हिशेबाच्या दिवशी मालकाने कोरीवकामाची रक्कम वजा केली. म्हाताऱ्याने कागद माझ्याकडून वाचून घेतला, वजाबाकीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “फळी गुळगुळीत केली, तिच्या घासाईचे लिहा.”


लिहिले.