माहेरचा वाघ्या

ज्याचं देणं लागतो तो आवडलाच पाहिजे, असं काही नाही. वाघ्या मला कधीच आवडला नाही. घरात तो कोणालाच आवडायचा नाही, एक आई सोडली तर. आणि तिला तरी तो आवडायचा, की माहेरचा म्हणून ती त्याची बाजू घ्यायची, देव जाणे.

आमची वस्ती अकोले गावाजवळ, प्रवराकाठच्या उसात. आजोळ ओतूरकडचं. पारनेर तालुक्यातल्या धवळपुरीकडचे धनगर दिवाळीनंतर कोकणाकडे निघतात आणि वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवतात. रानाला लेंडीखत मिळतं, त्यांना धान्य मिळतं. अशाच एका मेंढरांच्या वाड्यातलं पिल्लू मामांनी आईला दिलं. "भावानं बहिणीला लुगडं द्यावं, यानं कुत्रं दिलं," असं आजी पुढे कितीतरी वर्षं म्हणत होती.

धनगरी कुत्रं कळपात वाढतं. कळपातलं ते आपलं, बाहेरचं ते परकं, एवढंच त्याला कळतं. वाघ्यानं आमच्या शेळ्यांना कळप मानलं आणि बाकी सगळ्यांना परकं. त्यात दूधवाला आला, पोस्टमन आला, आजोबा आले, आम्ही भावंडंही आलो. भाकरी टाकायला गेलं तरी तो गुरगुरायचा. पाठीवरून हात त्यानं कधी फिरवू दिला नाही. आमचे मित्र बांधावरूनच हाका मारायचे.

तो चावला की घरात धावपळ उडायची. सरकारी दवाखान्यात तेव्हा बेंबीभोवती इंजेक्शनं देत. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. २००४च्या अखेरीला ती देशात बंद झाली. मेंढरं राखणाऱ्या कुळातल्या कुत्र्याचा प्रताप मेंढीच्या मेंदूवर निस्तरायचा, असा तो प्रकार होता. डॉक्टर आणखी एक सांगत: कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, ते धडधाकट राहिलं तर पिसाळलेलं नव्हतं. मग काल काठी घेऊन वाघ्याला मारायला आलेला माणूस आज सकाळी बांधावर उभा राहून काळजीनं विचारायचा, "वहिनी, कुत्रं जितं हाय ना? खातंय का नीट?" आई त्याला चहा द्यायची. या चहापायी काही भांडणं मिटली, काही मिटली नाहीत. वडील दोनदा वाघ्याला लांब सोडून यायला निघाले होते. दोन्ही वेळा आई मध्ये पडली.

तेव्हा उसात बिबटे वाढत होते. आसपासच्या वस्त्यांवरची कुत्री एकेक करून गायब व्हायची. सकाळी साखळी तेवढी उरायची. आईनं वाघ्याच्या गळ्यात धनगरांसारखा खिळ्यांचा पट्टा घातला आणि एक नियम केला: दिवसा खुशाल बांधा, रात्री बांधायचं नाही. त्यामुळे रात्री कोणी अंगणात पाऊल टाकत नसे. आम्ही दार लावून निजायचो आणि तो गोठ्याभोवती भुंकत फिरायचा. त्याच्या भुंकण्यानं झोपमोड व्हायची, म्हणून आम्ही त्याला शिव्या घालायचो.

पुढे कितीतरी वर्षांनी वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास वाचनात आला. तो आमच्याच अकोल्याच्या बिबट्यांचा होता. बिबट्यांच्या विष्ठेतल्या अवशेषांवरून ते काय खातात, याचा हिशेब या अभ्यासकांनी मांडला होता. वजनानं पाहिलं तर ८७ टक्के आहार पाळीव जनावरांचा होता आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट, तरी त्यांचा वाटा फक्त ११ टक्के. शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात, कुत्री उघड्यावर.

आमच्या शाळेची फी, वह्या, बहिणीचं कॉलेज हे सगळं शेळ्या विकून झालं. तो पैसा वडिलांच्या कष्टाचा, तसा वाघ्याचाही. बिबट्याच्या वाटेवर तो रोज रात्री उभा असायचा. त्याचं गुरगुरणं ज्याला आम्ही स्वभाव म्हणायचो, ते बरंचसं जागरण आणि धास्ती असणार. तरीही तो म्हातारा होऊन, दात पडून मेला. उसातल्या कुत्र्याला असं मरण क्वचितच येतं.

वस्तीवर आता धाकटा भाऊ राहतो. त्याच्या कुत्र्यासाठी त्यानं गोठ्याला लागून लोखंडी जाळीची पक्की खोली बांधली आहे. रात्री ते आतूनच भुंकतं. कुत्र्यापायी एवढा खर्च कशाला, असं कोणी विचारलं की तो म्हणतो, "मागची बाकी हाय."