पदराच्या गाठीतली कॅप

सोमवारी बेल्ह्याचा बाजार भरतो, तसा माझा दवाखानाही. बैल बघायला आलेले, भाजी घेऊन बसलेले, आळेफाट्याला कांदा टाकून परतणारे, सगळे एकाच फेरीत दाताचंही उरकून घेतात. दिवस मावळायच्या आत वस्तीवर पोचायचं असतं. उसात बिबट्या आहे. अशाच एका सोमवारी एका आजींनी पदराची गाठ सोडून माझ्या हातावर कॅप ठेवली. "मॅडम, एवढी चिकटवून द्या, एस्टी जाईल माझी."

कॅप धड होती, पण आत कडक पिवळट थर. नातवाने झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे दोन थेंब टाकून ती घरीच बसवून पाहिली होती. तीन दिवस टिकली. हा उद्योग पंचक्रोशीत सर्रास चालतो. गोंदाचा थर वाळला की कॅप पुरती खाली बसत नाही, केसभर उंच राहते आणि प्रत्येक घासाला आधी तीच आपटते. हिरडीलाही तो सोसत नाही. वाकडी चिकटली तर मला ती कापूनच काढावी लागते.

कॅप निघाली की लोक कॅपकडे बघतात, मी खाली उरलेल्या खुंटाकडे बघते. कॅप किडत नाही, मग ती धातूची असो की झिरकोनियाची. किडतो तो खालचा दात, आणि तोही काठावरून, जिथे कॅप संपते तिथून. सिमेंट हळूहळू झिजतं, फट पडते, भाकरीचा कण शिरतो. रूट कॅनालमध्ये नस काढलेली असेल, तर तो दात ठणकतही नाही. त्यामुळे कीड निवांत वाढते. आजींच्या खुंटाला सळई टेकवली, तर भिजल्या लाकडात रुतावी तशी रुतली.

खुंट टणक असता तर काम वीस मिनिटांचं होतं: कॅप आतून साफ करायची, एक्स-रे बघायचा, चावा तपासायचा, पुन्हा सिमेंट. १९७०च्या सुमारास लंडनच्या संशोधकांनी काचेची पूड आणि आम्ल मिसळून केलेलं सिमेंट आम्ही आजही वापरतो. ते दाताला स्वतः चिकटतं आणि थोडं फ्लोराइडही सोडत राहतं. पण कुजक्या खुंटावर कुठलंच सिमेंट टिकत नाही.

कॅपच्या टवक्यांचं प्रकरण वेगळं. त्यांचा हंगाम दिवाळीनंतरचा, चकली आणि सुपारीचा. दाताच्या रंगाची पोर्सेलीन धातूवर भाजून चढवतात. तापून गार होताना दोन्ही सारख्याच बेताने आकसावीत असं जमवावं लागतं. या जोडीची अमेरिकेतली पेटंटं १९६२ सालची. तरी पोर्सेलीन ठिसूळच. पुढच्या दाताचा टवका मी कॉम्पोझिटने भरून देते, पण ते ठिगळ आहे, किती टिकेल याचा शब्द देत नाही. मागच्या दाढेचा लहानसा टवका असेल आणि काठ शाबूत असेल, तर घासून गुळगुळीत करते आणि सोडून देते. तिथे नवी कॅप गळ्यात मारणं मला पटत नाही.

आजींच्या दाताचं मूळ मात्र भक्कम होतं. कीड काढून, खुंट नव्याने उभारून, मग माप आणि नवी कॅप. "म्हणजे आणखी दोन बाजार," त्या म्हणाल्या, आणि आल्या दोन्ही वेळा.

तुमची कॅप निघाली तर धुऊन डबीत ठेवा. त्या बाजूने चावू नका. सैल कॅप तोंडात ठेवून झोपू नका: पोटात गेली तर बहुधा आपोआप बाहेर पडते, पण ठसका लागून खोकला थांबेना झाला तर थेट इस्पितळ गाठा. आठवड्याच्या आत या, कारण शेजारचे दात सरकले की जुनी कॅप बसत नाही. आणि येताना ती आणाच. सिमेंट कॅपला लागून आलंय की दातावर राहिलंय, यावरून ती का निघाली याचा अंदाज मला येतो.