‘सेल’ कुठला, टॉर्चचा की साड्यांचा?

हिंगोलीहून पुण्यात नोकरीला आलं, की खरी परीक्षा ग्रामरची नसते, तोंडाची असते! ग्रामर आपण घोकून आलेलो असतो. अडतात ते स्वर.

म्हणजे बघा, टॉर्चचा सेल आणि साड्यांचा सेल. आपण दोन्ही सारखेच म्हणतो, कारण मराठीत ‘ए’ एकच. इंग्रजीत टॉर्चवाला ‘ए’ आखूड, जागच्या जागी. साड्यांवाला मात्र शेवटी ‘इ’कडे घसरतो, ‘सेइल’. लिहायचं पेन आणि पाठीतलं पेन, तीच गंमत. ‘शिप’ आणि ‘शीप’मध्ये तर नुसती लांबीच नाही, ओठही बदलतात. जहाजाला सैल, मेंढीला ताणलेले. आणि आपण? ऱ्हस्व-दीर्घ पाळायचं ते शुद्धलेखनाचे मार्क जाऊ नयेत म्हणून!

माझी पिढी पाचवीपासून इंग्रजी शिकली. मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं २००० साली. पण पुस्तकातून आवाज थोडाच ऐकू येतो? माझ्या पहिल्या ऑफिसात ट्रेनर ‘गावाकडचा अ‍ॅक्सेंट’ म्हणायचे, सगळे हसायचे. जाम झोंबायचं. नेमका कुठला स्वर, तोंड किती उघडायचं, हे कुणीच सांगायचं नाही.

आज सेनगावची माझी भाची इंटरव्ह्यूच्या टेन्शनमध्ये आहे. “मामा, लोक हसतील, त्यापेक्षा गप्पच बसते,” म्हणाली. हे मात्र डेंजर! चुकीच्या स्वराने नोकरी जाईलच असं नाही, गप्प बसल्याने नक्की जाते.

तिला सांगितलं, हंगेरीतल्या लोकांचंही असंच होतं. त्यांच्या भाषेत ‘ॲ’ नाही, म्हणून त्यांनी सँडविचचं ‘सेंडविच’ केलं. ‘बॅड’ आणि ‘बेड’ त्यांना सारखेच वाटतात. आपले आजोबाही ‘ब्यांक’च म्हणायचे की! ऐकता ऐकता ‘बँक’ झाली, आणि २००९ साली सरकारने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ वर्णमालेतच घेतले. म्हणजे दोन परके स्वर आपण आधीच पचवलेत.

उरलेल्यांसाठी साधा फंडा. रोज पाच जोड्या घ्यायच्या. आधी कानाने फरक ओळखायचा, मग म्हणायचं, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकायचं. आणि हिंगोलीचा हेल? तो राहू दे. तो काही कुणाला अडत नाही.